दुरुस्तीबाईंचा मंगळवार

“बघा, तीन बोल्ट बसतात आणि चौथा काही केल्या बसत नाही!”

भोंग्याने पंपाचे झाकण थेट बाईंच्या कीबोर्डवर आदळले. पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळ धावत सुटले.

“अहो, आधी उचला ते!”

भोंगा म्हणजे जोडणी विभागाचा फोरमन. तीस वर्षे यंत्रांच्या गोंगाटात काढल्यामुळे तो शांत खोलीतही ओरडूनच बोले. ड्रॉइंग विभागातल्या सगळ्यांनी माना वर केल्या, आणि भोंगा आहे असे पाहून परत खाली घातल्या.

“अठरा झाकणं कापून झालीत, बाई. अठराच्या अठरा अशीच. चौथं भोक दोन मिलिमीटर डावीकडे. मी मशीनवाल्याला नाही नाही ते बोललो, तर त्यानं तुमचं ड्रॉइंग माझ्या नाकासमोर धरलं. ड्रॉइंगमध्येच तसं आहे.”

“शक्य नाही,” बाई म्हणाल्या. “चव्वेचाळीस सतरा नंबरचं झाकण आहे हे. रिलीज होऊन सहा वर्षं झाली त्याला. त्याला हात कोण लावणार?”

हात लावू शकणारी माणसे कारखान्यात दोनच होती, आणि त्यांतल्या एक बाई स्वतः होत्या. दुसरे विभागाचे साहेब, तेही नावापुरते. कॉम्प्युटरवर काढलेले मॉडेल एकदा मंजूर झाले की त्याला कुलूप लागे. मोठा बदल करायचा तर सहा सह्या आणि तीन आठवडे. पण जगात मोठे बदल थोडे आणि बारीकसारीक फार. कुठे टिपेतला शब्द चुकलेला, कुठे कोपऱ्याची गोलाई द्यायची राहिलेली. त्यासाठी सहा माणसांच्या मागे कोण फिरणार? म्हणून असल्या किरकोळ बदलांची किल्ली बाईंकडे होती. मॉडेल उघडायचे, दुरुस्त करायचे, कारण लिहायचे, परत कुलूप लावायचे. किरकोळ कशाला म्हणायचे याची बाईंची एक कसोटी होती. जुना आणि नवा तुकडा एकाच खोक्यात टाका. फिटरने डोळे मिटून कुठलाही उचलला आणि तो बसला, तर बदल किरकोळ. नाही बसला, तर सह्या गोळा करा. बावीस वर्षे त्या हेच करत आल्या होत्या. सगळा कारखाना त्यांना दुरुस्तीबाई म्हणे. त्यांना ते नाव मनातून आवडे, पण कुणी तोंडावर म्हटले की त्या उगाच डोळे मोठे करत.

त्यांनी झाकणाची नोंद उघडली. शेवटचा बदल तीन आठवड्यांपूर्वीचा होता. मंगळवार, अकरा वाजून चाळीस मिनिटे. नाव त्यांचेच. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. किरकोळ.

बाई त्या शब्दाकडे बघत राहिल्या. त्या असे कधी लिहीतच नसत. कारण म्हणजे पूर्ण वाक्य, कुणी सांगितले, का सांगितले, काय बदलले. नुसते ‘किरकोळ’ लिहिणाऱ्या कितीजणांची त्यांनी हजेरी घेतली होती.

“काय झालं?” भोंगा म्हणाला.

“बघते. तुम्ही जा. झाकण राहू दे इथेच.”

भोंगा गेला. बाईंनी मंगळवार आठवायला सुरुवात केली. सोमवार आठवत होता, त्या दिवशी लिफ्ट बंद होती. बुधवारी साहेबांनी नव्या खुर्च्या आणवल्या होत्या. मधल्या दिवसाच्या जागी काहीच नव्हते. आता तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार कुणाला आठवतो म्हणा. पण सहा वर्षे जुन्या मॉडेलचे कुलूप काढले तर ते आठवायला नको?

फोनवर आलेले प्रत्येक काम बाई रद्दी ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या तुकड्यावर लिहून घेत, आणि काम झाले की खूण करून तो तुकडा खालच्या कप्प्यातल्या पत्र्याच्या डब्यात टाकत. त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि चव्वेचाळीस सतरा शोधू लागल्या. एकेक चिठ्ठीवरचा नंबर पाहत तळ गाठला. नव्हताच. जीव भांड्यात पडला. चिठ्ठी नाही म्हणजे काम नाही. काम नाही म्हणजे हे दुसऱ्या कुणाचे तरी उद्योग.

कुणाचे? बाई चहाला जाताना कॉम्प्युटर उघडाच ठेवून जात. शेजारच्या टेबलावर कुजबुज बसे. ती इतकी हळू बोले की प्रत्येक वाक्य तिला तीनदा विचारावे लागे. पंधरा वर्षांपूर्वी नवी नवी आली तेव्हा बाईंनीच तिला सगळे शिकवले होते. बाईंनी तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिले. ती मान खाली घालून काम करत होती. आपण हिच्यावर संशय घेतोय हे लक्षात येताच बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

साहेबांना सांगावे लागले. साहेब बाईंहून बारा वर्षांनी लहान. माणूस चांगला, पण वाद म्हटला की ते दोन पावले मागे सरत.

“मॅडम, ही भाषा तुमची नाही,” नोंद वाचून ते म्हणाले. “तुम्ही कारणाच्या जागी निबंध लिहिता. कुणीतरी तुमच्या नावानं केलंय हे.”

“मी नाही केलं,” बाई म्हणाल्या, आणि बोलताना आपला आवाज चढलाय हे त्यांना जाणवले. “म्हणजे, मला तरी नाही आठवत.”

हे दुसरे वाक्य कशाला जोडले, असे त्यांना लगेच वाटले.

“चार वाजेपर्यंत शोधून काढा. मला वर उत्तर द्यायचंय.”

जेवणाच्या सुट्टीत बाईंना आईची आठवण झाली. खरे तर सकाळपासून ती मनाच्या दाराशी येऊन उभीच होती, बाई तिला आत घेत नव्हत्या. आई शिवणकाम करायची. अर्ध्या गल्लीचे कपडे तिच्या हातचे. माप एकदा घेतले की वर्षभर डोक्यात. छप्पन्नाव्या वर्षी एक दिवस तिने एका शर्टाला तीन बाह्या बेतल्या. तिन्ही अगदी मापात, सुबक. गिऱ्हाईक हसले, आई हसली, घरातले सगळे हसले. दोन वर्षांनी आईने स्वतःच्या लेकीला विचारले, “बाई, तुमचं माप घ्यायचंय का?”

दुरुस्तीबाई आता चोपन्न वर्षांच्या होत्या. त्यांना भीती वाटत होती ती नोकरीची नव्हती. अठरा झाकणांचे लोखंड वितळवून पुन्हा ओतता येईल. पण तो बदल खरेच त्यांनी केलेला असेल, तर? मग ही तिसरी बाहीच झाली.

त्यांनी जेवणाचा डबा न उघडताच बाजूला सारला आणि जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला. ते पाणीपुरवठा कचेरीत कारकून होते आणि दुपारच्या वेळी रंगात असत.

“अहो, तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी मी काय काय केलं होतं?”

“का? पोलीस आलेत?”

“सांगा ना.”

“अगं, मला काल काय केलं ते आठवत नाही. तीन आठवड्यांपूर्वीचं काय घेऊन बसलीस? थांब, थांब. मंगळवारी तू उशिरा आली होतीस. बसमध्ये विचारांच्या नादात थेट डेपोपर्यंत गेलीस आणि ड्रायव्हरनं तुला उतरवलं. किती हसलो आपण त्या दिवशी!”

बाईंनी जिन्याचा कठडा धरला. डेपो आठवेना, ड्रायव्हर आठवेना, हसणेही आठवेना. दुसऱ्याच कुणा बाईची गोष्ट ऐकतोय असे वाटले.

“आठवतंय ना?” तिकडून विचारले.

“हो तर,” बाई म्हणाल्या. “न आठवायला काय झालं.”

त्या परत टेबलाशी आल्या आणि चव्वेचाळीस सतराचे मॉडेल उगाच गोल गोल फिरवत बसल्या. कधी वाटे, आपण केले. कधी वाटे, छे, आपण कसे करू? डोक्याचा नुसता भुगा झाला. तीन वाजता कुजबुज त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

“ताई, साहेबांना बोलवा.”

“काय?”

“साहेबांना बोलवा. मला सापडलंय.”

साहेब आले. कुजबुजने आपल्या कॉम्प्युटरवर झाकणाची जुनी प्रत उघडली. सहा वर्षांपूर्वी हे झाकण तिनेच काढले होते. त्या वेळी चौथ्या भोकाची जागा ठरवताना तिने ती शेजारच्या ब्रॅकेटच्या मॉडेलला जोडून ठेवली होती. रिलीजच्या आधी ही जोडणी तोडायची असते. ती तोडायची राहिली. मागच्या महिन्यात ब्रॅकेट बदलला. आता झाकण कुणी कशासाठीही उघडून परत साठवले, तरी भोक ब्रॅकेटच्या मागे मागे सरकणार.

“हे बघा,” ती म्हणाली आणि एक बटण दाबले. सगळ्यांच्या देखत भोक आपल्या जागेवरून हलले.

“अरे वा!” साहेब म्हणाले. “म्हणजे मॅडमनी नुसतं उघडून बंद केलं असेल.”

“हो. टीप वाचायला वगैरे. ताईंची काही चूक नाही. जोडणी मी तोडली नाही, चूक माझी आहे.”

साहेब तिच्याकडे वळले. “मग मिटलं. तुमच्या फाइलला एक शेरा जाईल, त्याला इलाज नाही. पण प्रकरण मिटलं.”

बाईंना कुजबुजला कवेत घ्यावेसे वाटले. सकाळी आपण हिच्यावरच संशय घेतला होता! त्या दोन कप चहा घेऊन आल्या, तिच्यासमोर एक ठेवला आणि म्हणाल्या, “इतकी वर्षं झाली तरी तुझं अर्धवट काम मलाच निस्तरायला लागतं बघ.” कुजबुज कशीबशी हसली. बाई मात्र मनापासून हसल्या. आता मंगळवार आठवला काय नि न आठवला काय.

मग त्या पसारा आवरू लागल्या. सकाळी उपसलेल्या चिठ्ठ्या टेबलाच्या कडेला तशाच पडल्या होत्या. आता त्या तारखेप्रमाणे लावून डब्यात ठेवायच्या. सोमवार, सोमवार, मंगळवार.

मंगळवारची चिठ्ठी त्यांच्या अक्षरात होती. ‘चव्वेचाळीस एकाहत्तर. लहान पंपाचे झाकण. चौथे भोक डावीकडे दोन. अजून एकही तुकडा कापलेला नाही, म्हणून किरकोळमध्ये चालेल.’ खाली काम झाल्याची खूण. एकदा नाही, तीनदा केलेली.

सकाळी त्या सतरा शोधत होत्या, म्हणून एकाहत्तर हातातून निसटले होते. बाईंनी लहान पंपाचे झाकण उघडले. तिथे चौथे भोक होते तिथेच होते, कुणी हलवलेले नव्हते. डावीकडे दोन सरकले होते ते मोठ्या पंपाच्या, म्हणजे चव्वेचाळीस सतराच्या झाकणावर, शेकडो पंपांवर बसलेल्या झाकणावर. चिठ्ठीवर लिहिले एक, उघडले दुसरे. आणि यातले काही म्हणजे काहीच डोक्यात शिल्लक नाही. त्यांनी ते अक्षर पुन्हा पुन्हा पाहिले. एक काढताना वर राहणारी फट, नावाखाली मारलेली रेघ. दुसऱ्या कुणाचे असते तर किती बरे झाले असते.

पाच वाजता खोली रिकामी होऊ लागली. कुजबुज पर्स भरत होती.

“ब्रॅकेटमुळे भोक किती सरकतं?” बाईंनी विचारले.

ती पर्सची चेन लावत राहिली.

“मोजलंस का?”

“हो, ताई.”

“किती?”

“दीड. वरच्या बाजूला.”

“आणि कापलेल्या झाकणांवर दोन आहे. डावीकडे.”

“हो.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

बाईंनी चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. तिने ती वाचली, पण तिला नवल वाटलेले दिसले नाही.

“चुकतं माणूस,” बाई म्हणाल्या. “बावीस वर्षांत एकदा चुकलं.” आणि त्या थांबल्या. तिने ‘हो’ म्हणावे म्हणून थांबल्या. ती ‘हो’ म्हणेना.

“एकदाच ना?”

“जाऊ दे ना, ताई.”

“किती वेळा?”

“हे आठवं.”

इतक्या हळू बोललेले तिचे वाक्य बाईंना पहिल्याच खेपेला ऐकू आले.

मग तिने सांगितले. चार महिन्यांपूर्वी एक टीप चुकीच्या ड्रॉइंगवर गेलेली तिला दिसली. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी बाईंच्या दिवसभराच्या नोंदी चाळायची. चूक दिसली की दुसऱ्या दिवशी म्हणायची, ताई, हे जरा उघडून द्या, मला एक माप बघायचंय. आणि बाईंची पाठ वळली की सरळ करून ठेवायची. कारखान्यात पोचायच्या आत सात चुका अशा मिटल्या. त्या मंगळवारपासून दोन दिवस मात्र ती रजेवर होती.

बाईंना आधी संताप आला. “चार महिने मला वेड्यात काढत होतीस तू?”

“तसं नाही हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू?” कुजबुजचे डोळे भरून आले. “ज्यांनी मला माऊस धरायला शिकवलं, त्यांना जाऊन काय सांगू?”

बाईंचा राग जसा आला तसा ओसरला. खाली जे उरले ते रागापेक्षा वाईट होते. त्या खुर्चीत बसल्या आणि मांडीवरचे हात पाहत राहिल्या. हातांना काही झाले नव्हते.

त्या संध्याकाळी बसमध्ये जागा असूनही त्या दाराशी उभ्या राहिल्या. प्रत्येक थांबा तोंडातल्या तोंडात म्हणत योग्य थांब्यावर उतरल्या. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, “परवा रजा काढा. मला डॉक्टरकडे घेऊन चला.” त्यांनी सवयीने थट्टा करायला तोंड उघडले, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि नुसते “बरं” म्हणाले.

सकाळी साहेब येण्याआधीच बाई त्यांच्या केबिनबाहेर उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून सगळे सांगितले.

“तो शेरा तिच्या फाइलवरून काढा. माझ्या फाइलला लावा.”

“मॅडम, मिटलंय ते प्रकरण,” साहेब अजिजीने म्हणाले. “वर कळवूनसुद्धा झालं. आता तुम्ही कशाला...”

“मिटलं कसं? तिनं पकडल्या त्या सात, आणि ही एक कारखान्यात पोचली. न पकडलेल्या किती असतील ते मला सांगता येत नाही, साहेब. चार महिन्यांचं माझं सगळं काम परत तपासायला लागेल. त्यातला एखादा पंप कुठेतरी चालू असेल.”

हे साहेबांच्या लक्षातच आले नव्हते.

“आणि माझी किल्ली काढून घ्या. तिला द्या.”

“डॉक्टर काय म्हणतात ते तरी बघू आधी.”

“ते बघतीलच. तोवर कुलूप माझ्या हातात नको.”

साहेबांनी कॉम्प्युटर पुढे ओढला. किल्ली काढायची कशी, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते एक खिडकी उघडत, मिटत, दुसरी उघडत. त्यांचे कान लाल झाले होते. शेवटी बाई टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

“वरती डावीकडे. नाही, त्याच्या खाली. आता माझं नाव शोधा. हां. समोरचा चौकोन रिकामा करा.”

“केला.”

“साठवा. नाही तर राहील तसंच.”

साहेबांनी साठवले. बाईंनी पडद्याकडे पाहून खात्री करून घेतली आणि त्या बाहेर आल्या.

टेबलावर फोन वाजत होता. भोंगा होता. “बाई, एक बारीक काम होतं! मोठ्या दांड्याच्या ड्रॉइंगवर एक शब्द चुकलाय, ‘बाहेरून’च्या जागी ‘आतून’ पडलंय.”

“थांबा, लिहून घेते. फोन ठेवू नका.”

त्यांनी पाठकोरा कागद ओढला, नंबर लिहिला, भोंग्याकडून पुन्हा वदवून घेतला. मग रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून, चिठ्ठी घेऊन त्या कुजबुजच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. तिची नजर पडद्यावर होती. किल्ली आल्याचा निरोप तिला नुकताच मिळाला होता. तिने वर पाहिले आणि उठू लागली.

“बस तू. मी नंबर सांगते, तू उघड.”

“सांगा, ताई.”

“पाच.”

“पाच,” कुजबुज म्हणाली.

“दोन.”

“दोन.”

“शून्य. नऊ.”

“शून्य, नऊ.”

बाईंनी चिठ्ठीकडे पाहिले, मग पडद्याकडे, मग परत चिठ्ठीकडे. टेबलावरच्या रिसीव्हरमधून भोंगा “झालं का, झालं का” असे ओरडत होता.

“पुसून टाक,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून सांगते.”

कुजबुजने चारही आकडे पुसले आणि ती थांबली.